यंत्राला दिसले नाही, म्हणून माणूस नाही?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शिधापत्रिकांच्या ई-केवायसीची, म्हणजे बोटाचा ठसा आधारशी जुळवून ओळख पटवण्याची, बातमी आपल्या अंकात वाचली. मुदत कधी संपते, कागद कोणते लागतात, हे सगळे तिच्यात होते. बोटांचे ठसे का जुळत नाहीत आणि न जुळण्याचा अर्थ काय घ्यायचा, याबद्दल मात्र एक ओळही नव्हती. म्हणून हे पत्र लिहितो आहे. मी नंदुरबारमध्ये 28 वर्षे अकरावी-बारावीच्या मुलांना तर्कशास्त्र शिकवले. पुरावा कशाला म्हणायचे, हाच माझा रोजचा विषय होता.

आमच्या गल्लीत एक आजी एकट्या राहतात. मुलगा सुरतेला साड्यांच्या कारखान्यात आहे. मिरचीचा हंगाम सुरू झाला की आजी मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडायला जातात. चाळीस वर्षे जात आहेत. हंगामात हाताची आग रात्रभर थांबत नाही, असे त्या सांगतात. बोटांची टोके आता टाकी लावायची राहून गेलेल्या जात्यासारखी गुळगुळीत झाली आहेत. मागच्या पावसाळ्यात सलग दोन महिने त्यांना रेशन मिळाले नाही. दुसऱ्या महिन्यात मी सोबत गेलो होतो.

दुकानदार वाईट माणूस नाही. तो आजींना वीस वर्षे ओळखतो. त्याने त्यांना बसायला स्टूल दिले, उजवा अंगठा लावून पाहिला, डावा लावला, मग एकेक बोट, मग ओल्या फडक्याने पुसून पुन्हा सगळी बोटे. मशीन दर वेळी नाही म्हणाले. ओटीपी मुलाच्या मोबाइलवर गेला आणि मुलगा रात्रपाळी करून झोपला होता. कुटुंबात दुसरे कोणी असते तर त्याचा अंगठा चालला असता. एकट्या बाईला ती सोय नाही. आजी माझ्याकडे वळून अहिराणीत म्हणाल्या, "सर, मी तीच शे ना?"

त्या खोलीतल्या प्रत्येकाला उत्तर ठाऊक होते. दुकानदाराला, रांगेतल्या बायकांना, मला. तरीही आमच्यापैकी कोणाच्याही माहितीला तिथे किंमत नव्हती. मला हे त्या पाच किलो धान्याइतकेच गंभीर वाटते.

एम.ए.ला आम्हाला न्यायदर्शन, म्हणजे आपले जुने भारतीय तर्कशास्त्र, होते. ओळख पटण्याला तिथे प्रत्यभिज्ञा म्हणतात. "सोऽयं देवदत्तः", तोच हा देवदत्त, हे तिचे नेहमीचे उदाहरण. पूर्वी पाहिलेला आणि आता समोर उभा असलेला माणूस एकच आहे, हे ज्ञान दुकानदाराला आजींबद्दल आहे. मशीनला नाही. मशीन अनुमान करते. बोटावरच्या रेषा कुठे संपतात, कुठे फुटून दोन होतात, हे टिपते, साठवलेल्या नोंदीशी ताडते आणि साम्याला गुण देते. गुण ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेले तर होकार, खाली राहिले तर नकार. "ही बाई ती नव्हे" असे ते कधी सांगतच नाही. "पुरेसे साम्य सापडले नाही" एवढेच त्याचे म्हणणे असते. या दोन वाक्यांतला फरक माझे बारावीचे विद्यार्थी सांगू शकत. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी तर तो फार बारकाईने मांडला आहे. काळोख्या खोलीत घट दिसला नाही, म्हणून तिथे घट नाही असे सिद्ध होत नाही. असता तर दिसलाच असता, अशी स्थिती असेल तेव्हाच न दिसणे हा नसण्याचा पुरावा होतो. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. वयाने आणि कष्टाने झिजलेले बोट ही ती काळोखी खोली आहे.

आता त्या गुणांच्या मर्यादेबद्दल. ती किती ठेवावी, हे विज्ञान सांगत नाही. विज्ञान इतकेच सांगते की मर्यादा वर नेली तर तोतये कमी घुसतील, पण खरी माणसे जास्त नाकारली जातील. खाली आणली तर उलटे होईल. एका तोतयाला रोखण्यासाठी किती खऱ्या माणसांना परत पाठवायचे, हा प्रश्न अभियंत्याचा नव्हे, आपल्या सगळ्यांचा आहे. महाराष्ट्रात अन्नसुरक्षा कायद्याखाली सुमारे 7 कोटी लोक येतात. समजा, शंभरात एकाचाच ठसा जुळला नाही, तरी ती 7 लाख माणसे होतात. विधानसभेत गव्हाच्या भावावर चर्चा झालेली मी ऐकली आहे, या मर्यादेवर झालेली कधी ऐकली नाही. ती तांत्रिक बाब समजून आपण सोडून दिली आहे, आणि सोडून दिल्याने तो निर्णय कोणी घेतला हेही आपल्याला कळत नाही.

बोटाच्या ठशांची ही विद्या आपल्याच देशात वाढली. 1858 साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा करारावर घेतला. पुढे त्याने करार नाकारू नये, एवढाच हेतू होता. 1897 मध्ये कलकत्त्याला ठशांचे कार्यालय निघाले. ठशांच्या वर्गीकरणाचे किचकट गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी बसवले, नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे लागले. प्रजेवर विश्वास नसलेल्या राजवटीचे हे साधन. तरीसुद्धा न्यायालयात ठसेतज्ज्ञाचे मत हे मतच असते. त्याची उलटतपासणी होते आणि संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. चोरीचा आरोप असलेल्या माणसाला जी सवलत आहे, ती रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या आजींना नाही. तिथे संशय आला की तोटा त्यांचा.

एक गोष्ट मला फार लागून राहिली आहे. नव्वदच्या दशकातल्या साक्षरता अभियानात मी संध्याकाळी वर्ग घेत असे. आजी, तेव्हा तरुण होत्या, त्या वर्गात येत. पहिल्यांदा स्वतःचे नाव लिहिले त्या दिवशी त्यांनी पाटी पुसू दिली नाही, तशीच पदराखाली झाकून घरी नेली. "आता अंगठा नाही, सही" असे आम्ही भिंतींवर रंगवले होते. त्याच बाईंना आता सही कोणी विचारत नाही. अंगठाच मागतात, आणि तो उमटत नाही.

मशीन नकोच, असे माझे म्हणणे नाही. मेलेल्या माणसांच्या नावावर उचललेले धान्य आणि कोऱ्या कार्डावर मारलेल्या नोंदी मी पाहिल्या आहेत. आता छापील पावती मिळते, वजन कळते. हे चांगलेच झाले. याच जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, टेंभली गावात, 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. तेव्हा मला अभिमान वाटला होता. ज्यांच्याकडे कसलाच कागद नाही, त्यांना ओळख मिळावी, हा त्यामागचा शब्द होता. त्या शब्दाची आठवण करून देण्याचा हक्क सर्वांत आधी आमच्या जिल्ह्याला आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 रोजी चार विरुद्ध एक अशा निकालाने आधार कायदा बऱ्याच अंशी वैध ठरवला. ठसा जुळला नाही तर दुसऱ्या मार्गाने ओळख पटवण्याची सोय हवी, हे बहुमताच्या निकालातही आहे. वेगळे मत देणारे न्या. चंद्रचूड यांनी तर माणसाची प्रतिष्ठा आणि हक्क संभाव्यतेच्या गणितावर सोडता येणार नाहीत, असे स्पष्ट लिहिले. त्याच्या आधीच, 24 ऑक्टोबर 2017 च्या परिपत्रकात आधार देणाऱ्या प्राधिकरणाने ठसे न जुळणाऱ्यांसाठी अपवाद म्हणून नोंद करून धान्य द्यायला सांगितले आहे. आम्ही दुकानात अशी नोंदवही मागितली, तेव्हा दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितले, "सर, अशी वही मला कोणी दिलीच नाही."

माझी मागणी साधी आहे. मशीनने होकार दिला तर धान्य द्यावे. नकार दिला तर दुकानदार आणि रांगेतले दोन शेजारी यांच्या सहीने, कारण लिहून, त्याच दिवशी धान्य द्यावे. गैरवापर होईल, असे कोणी म्हणेल. वही उघडी असेल, सह्या करणारे गावातलेच असतील, तपासणी करता येईल. आणि दर महिन्याला प्रत्येक दुकानात किती जणांना मशीनने नाकारले, त्यांपैकी किती जण रिकाम्या पिशवीने परतले, हा आकडा तहसील कार्यालयाच्या फलकावर लागावा. आपल्या वार्ताहरांनी तो आकडा मागावा, अशी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

येत्या महिन्यात मी पुन्हा आजींसोबत जाणार आहे. परिपत्रकाची छापील प्रत आणि शंभर पानी वही घेतली आहे. पहिल्या पानावरचे रकाने आखून झाले आहेत, आणि सहीचा रकाना आजींनी मोठा ठेवायला सांगितला आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नंदुरबार