क्लिप, पट्टी आणि एक गार नाणं

प्रिय सुहास,

नववीच्या वर्गात स्पर्शाचा प्रयोग करायचा म्हणतोस, तर कंपासपेटीतला कर्कटक वापरू नकोस. तो टोचतो, आणि टोचणं ही वेगळी संवेदना आहे. कागदाची क्लिप उलगडून तिला ‘यू’ आकार दे नि टोकांमधलं अंतर पट्टीवर मोज.

मुलाने डोळे मिटून हात बाकावर ठेवायचा आणि एक टोक लागलं की दोन, ते सांगायचं. टोकं कातडी जेमतेम दबेल इतकीच टेकवायची. मधूनमधून एकच टोक लावायचं, क्रम ठरलेला नको, नाहीतर मुलं अंदाजाने ‘दोन’ म्हणत सुटतात. प्रत्येक अंतराला दहा वेळा विचार, आठ उत्तरं बरोबर आली तर ते अंतर ओळखता येतं असं धर. बोटाच्या टोकावर 10 मिमीपासून खाली ये, साधारण 2 ते 4 मिमीपर्यंत जमतं. मनगट ते कोपर या भागावर 60 मिमीपासून सुरू कर, तिथे 30-40 मिमीलाच गाडी अडते.

घोटाळा बहुधा एकाच ठिकाणी होतो: दोन्ही टोकं एकाच वेळी टेकत नाहीत. मग मूल अंतरावरून नव्हे, वेळेच्या फरकावरून ‘दोन’ ओळखतं. दुसरं म्हणजे क्लिपची दिशा बदलू नकोस. हाताच्या रुंदीला आडवी धरली तर उत्तरं उभीपेक्षा चांगली येतात.

बोटांच्या टोकांना स्पर्श टिपणारे संवेदक दाटीने असतात आणि मेंदूच्या पृष्ठभागावर बोटांना, ओठांना जागाही ऐसपैस मिळते. मेंदूवर शस्त्रक्रिया करणाऱ्या पेनफिल्ड आणि बोल्ड्री यांनी 1937 मध्ये शुद्धीवर असलेल्या रुग्णांचा मेंदू विजेने चेतवून हा नकाशा मांडला. पुस्तकं इथेच थांबतात. खरी मौज पुढे आहे. मेंदूने हा नकाशा जसाच्या तसा मानला असता, तर तीच क्लिप बोटावर हातापेक्षा कित्येक पट मोठी वाटली असती. तसं होत नाही. अवयवाच्या खऱ्या आकाराचा हिशेब धरून मेंदू बरीचशी दुरुस्ती करतो, पण पुरती नाही. म्हणून तेच अंतर संवेदनशील जागी थोडं मोठं वाटतं, हे लाइपझिगच्या वेबर या शरीरशास्त्रज्ञाने 1834 मध्येच नोंदवलं होतं. टोकं 40 मिमीवर पक्की धरून क्लिप कोपराकडून तळहातापर्यंत हळू ओढ. अंतर तेवढंच, पण टोकं एकमेकांपासून लांब जाताहेत असं वाटतं. मोजणीच्या कोष्टकापेक्षा मला हा भाग जास्त मोलाचा वाटतो, एक तास कमी पडला तर कोष्टक गाळ.

वेबरचंच आणखी एक: गार नाणं जड लागतं. दाब टिपणारे काही चेतातंतू गारव्यालाही दाद देतात आणि मेंदू त्याचा अर्थ वजन असा लावतो. दहा रुपयांची दोन सारखी नाणी घे, एक फ्रीजमध्ये ठेव, दुसरं मुठीत. मुलाला आडवं झोपवून ती कपाळावर एकामागून एक ठेव. गार नाणं आधी कोरडं पूस, ओलसरपणा लागला की मुलं लगेच ओळखतात.

तुझा,
अनंत