ओझे पाठीवर नको, सायकलवर

तीर्थरूप दादास,

सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोचले. पुढच्या महिन्यापासून कामावर सायकलने जायचे ठरवलेस हे वाचून फार आनंद झाला. लॅपटॉप, कागदपत्रे आणि कपड्यांचा एक जोड रोज कसा न्यावा असे तू विचारले आहेस. इथे मी चार वर्षे रोज सायकलनेच कामाला जाते, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिले वर्षभर मी सॅकच वापरली. तिची सोय नाकारता येत नाही; सायकल लावली की ती आपल्याबरोबरच येते, आणि रस्त्याचे धक्के आपले अंग सोसत असल्याने आतल्या लॅपटॉपला ते कमी लागतात. पण पाठीवर चार-पाच किलो वजन घेऊन पुढे वाकून बसले, की मान आणि खांदे भरून येतात, पाठ घामाने चिंब होते, आणि ओझे उंचावर असल्यामुळे वळताना तोल सांभाळत राहावे लागते. रस्ता दहा मिनिटांचा असता तर मी काही म्हटले नसते. तुला तासभर जायचे आहे.

तेव्हा मागे चांगले कॅरिअर बसवून घे. त्यासाठी मागच्या चाकाच्या आसाजवळ चौकटीला बोल्टची भोके आहेत का, ते आधी पाहा. कॅरिअरवर किती भार चालतो हे बहुधा त्यावरच लिहिलेले असते, आणि पुष्कळांची मर्यादा 25 किलो असते. भोके नसतील तर सीटच्या दांडीला आवळायचे कॅरिअर मिळते. मात्र ते बरेच कमी वजन पेलते.

कॅरिअरच्या बाजूंना अडकवायच्या पिशव्यांना पॅनिअर म्हणतात, आणि तुला मी त्याच सुचवीन, कारण त्यांत वजन खाली, चाकाच्या जवळ राहते. माझ्या पॅनिअरला मागच्या अंगाला वर दोन आकडे आहेत, ते कॅरिअरच्या दांडीवर बसतात. मूठ धरून उचलली की ते आपोआप सुटतात. खाली तिसरा आकडा आहे, त्यामुळे खड्ड्यातून जाताना पिशवी उसळत नाही. तोंड तीनदा गुंडाळून बंद केले की मुसळधार पावसातही कागद कोरडे राहतात. विकत घेण्याआधी ती सायकलला लावून पेडल मारून पाहा, कारण तुझा पाय मोठा आहे आणि पिशवी फार पुढे आली तर प्रत्येक फेऱ्याला टाच तिच्यावर आपटेल. जड वस्तू तळाशी ठेव. लॅपटॉप मात्र जाड कव्हरात घालून, खाली कपड्यांची घडी देऊन, उभा ठेव, कारण इथे धक्के सोसायला आपली पाठ नसते. एकाच बाजूला हलकी पिशवी असली तरी चालते. सामान वाढले की दोन्हींकडे वाटून घे. मागचा दिवा पिशवीआड जात नाही ना, हे कुणाला तरी मागे उभे करून बघ. महिन्यातून एकदा कॅरिअरचे बोल्ट आवळत जा, ते हादऱ्यांनी सैल होतात.

हँडलवरची बास्केट हलक्या वस्तूंना ठीक. तिच्यात जड काही ठेवले की हँडल भलतीकडे ओढ घेते.

हँडलला पिशवी मात्र कधीही लटकवू नकोस. मागच्या वर्षी घाईत मी कापडी पिशवी तशी अडकवली होती. वळणावर ती झोका खाऊन पुढच्या चाकात गेली, तारा आणि चिमटा यांच्यात गुंडाळली गेली, चाक जागच्या जागी थांबले आणि मी हँडलवरून समोर फेकली गेले. मनगट तीन आठवडे प्लास्टरमध्ये होते. त्या दिवसांत पत्र आले नाही म्हणून आई काळजीत होती, तिला मी कामाचे कारण सांगितले होते. तिला आता हे मीच सावकाश सांगेन.

तुझ्या सायकलच्या मागच्या आसाजवळचा फोटो पाठव, म्हणजे कोणते कॅरिअर बसेल ते पाहून कळवते. आई-बाबांना आणि वहिनींना नमस्कार.

तुझी धाकटी बहीण