मंद्यास, दादाबद्दल

प्रिय मंद्या,

मी ठणठणीत, आईचा गुडघा जैसे थे. दादाला जीबीएस (गुलियन-बॅरे सिंड्रोम, नसांना इजा होऊन हातपाय लुळे पडतात तो आजार) झालाय, आणि तुम्ही त्याला कसं उठवता-बसवता तो तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला. फोन केला असता तर भांडण झालं असतं, म्हणून लिहितोय.

काखेत हात घालून त्याला उभं करणं आजपासून बंद. खांद्याचे स्नायू लुळे असताना ओढाताण झाली की सांधा खाली सरकतो आणि पुढे हात उचलताना कळा येतात. कमरेला रुंद पट्टा बांधा आणि तो धरा. त्याआधी पाठ टेकवून पाच-दहा मिनिटं बसवा, मग पाय खाली सोडा. या आजारात बीपी अचानक पडतं. घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच आडवा करा.

आणि ‘रोज दुप्पट व्यायाम’ हे खूळ कुणाचं? तात्यांचंच असणार! २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडला साथ आली तेव्हापासून पुण्यात जो तो जीबीएसचा डॉक्टर. अरे, नसांवरचं नुसतं आवरण गेलं असेल तर काही आठवड्यांत-महिन्यांत भरतं. आतला तंतूच गेला असेल तर तो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. दटावून वाढत नाही. दहा मिनिटं व्यायाम, मग विश्रांती, असं दिवसातून तीन-चारदा. संध्याकाळी चमचा धरवेना, की समजायचं आज जास्त झालं. वासोट्याला तू असाच पुढे पळालास, मग सॅक कुणी वाहिली? विश्रांती घेऊनही ताकद घसरत राहिली, दम लागला किंवा गिळताना ठसका लागायला लागला, तर मात्र तडक हॉस्पिटल.

व्हिडिओत त्याची पावलं पुढे लोंबलेली दिसली. पाऊल काटकोनात राहील असा स्प्लिंट (आधाराचा कडक साचा) लावा, नाहीतर टाचेची शीर आखडते आणि ताकद आली तरी टाच टेकत नाही. अधूनमधून काढून कातडी बघा. उशी पोटरीखाली, टाच अधांतरी. नुसती गुडघ्याखाली उशी नको, गुडघा वाकडाच राहतो. दर दोन तासांनी कूस बदला. बोटाने दाबूनही लाली फिकी पडली नाही तर तिथे जखमेची सुरुवात आहे. बुडाखाली ठेवायची ती रबरी रिंग माळ्यावर टाक, तिच्या कडेनेच रक्त अडतं.

वहिनीचे हात तेलाची बाटली दिसली की शिवशिवतात, ठाऊक आहे. पण एकच पोटरी सुजली, गरम लागली तर अजिबात चोळायची नाही. रक्ताची गुठळी असेल तर सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी दाखवा. बधिर पायाला गरम पाण्याची पिशवीही नको. भाजलेलं त्याला कळणारच नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? मिनूला बारावीसाठी शाबासकी. तात्यांना हे वाचून दाखव, पण जेवण झाल्यावर.

तुझा,
बाप्या