मेड्युसाच्या दोन बहिणी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

मुक्ताला कॉलेजच्या एकांकिकेत मेड्युसा, म्हणजे केसांच्या जागी साप असलेली, जिच्याकडे पाहणाऱ्याचा दगड होतो ती ग्रीक कथेतली बाई, करायची आहे आणि तिने तुला विचारलं, "बाबा, पण हिचा गुन्हा काय होता?" तू शाळेपासूनच्या सवयीने प्रश्न पुढच्या बाकावर, म्हणजे माझ्याकडे, सरकवलास. प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नाही, म्हणून लिहायला बसलोय. वाचून झालं की पत्र तिच्याकडेच दे.

तिला आधी एवढं सांग, की ग्रीकांकडे या गोष्टींची एकच प्रमाण पोथी नव्हती. ज्याने त्याने आपापली मेड्युसा सांगितली. इ.स.पू. ७०० च्या आसपासचा ग्रीक कवी हेसिऑड घे. त्याच्या काव्यात तिचा गुन्हा शोधूनही सापडत नाही. फॉर्किस आणि कीटो या समुद्रातल्या जुन्या दैवतांच्या तीन मुली, स्थेनो, युरिअली आणि मेड्युसा. या तिघी गॉर्गन. महासागरापलीकडे, रात्रीच्या सीमेवर त्यांचा मुक्काम. पहिल्या दोघी अमर, म्हातारपणसुद्धा त्यांच्या वाटेला जात नाही. मेड्युसा तेवढी मर्त्य. समुद्रदेव पोसायडन वसंतातल्या फुलांनी भरलेल्या कुरणात तिच्यापाशी येतो. पुढे पर्सियस नावाचा वीर तिचं शिर उडवतो आणि धडातून पंखांचा घोडा पेगॅसस आणि क्रायसेऑर ही तिची दोन लेकरं बाहेर पडतात. संपली गोष्ट. देऊळ नाही, शाप नाही, अथेना देवीचा कोपही नाही. तिघींत मरू शकणारी ती एकटीच, म्हणून ती मेली.

आणि तेव्हाची मेड्युसा देखणी वगैरे अजिबात नव्हती. ग्रीसच्या कॉर्फू बेटावर आर्टेमिस देवीचं देऊळ होतं, इ.स.पू. ५८० च्या सुमाराचं. त्याच्या दर्शनी त्रिकोणात मधोमध, एखाद्या देवाला शोभेल अशा जागी, ही बाई आहे. जवळजवळ तीन मीटर उंच, गुडघा टेकून धावण्याच्या पवित्र्यात, कमरेला सापांचा पट्टा, जबडा वासलेला. गंमत म्हणजे मुंडकं धडावर शाबूत असताना तिची दोन्ही मुलं शेजारी हजर! शिल्पकाराला घटनाक्रमाशी काही देणंघेणं नव्हतं. १९११ साली हे सगळं उकरून निघालं तेव्हा जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म त्या बेटावरच्या आपल्या महालात होता. गडी खोदकामावर इतका रमला, की पुढे गादी गेल्यावर म्हातारपणी त्याने गॉर्गनवर लिखाणही केलं.

ग्रीक चित्रांत बहुतेक मंडळी बाजूने दिसतात, ही मात्र थेट आपल्याकडे बघते. तो चेहरा ढालींवर असायचा, छपरांच्या कौलांच्या टोकाला असायचा, मद्याच्या पेल्याच्या तळाशीही रंगवलेला असायचा. पेला संपला की आतून ही जीभ काढून बघतेय! आपल्याकडे दाराला लिंबू-मिरची बांधतात, तसंच ते. दृष्ट लागू नये म्हणून दृष्टच टांगून ठेवायची.

मुक्ताने वाचलेली गोष्ट, म्हणजे सुंदर केसांची मुलगी, देवळातला बलात्कार आणि शिक्षा म्हणून केसांचे साप, ही रोमन कवी ओव्हिडची. हेसिऑडनंतर सातशे वर्षांनी. ओव्हिडच्या काव्यात ही हकीकत सांगतं कोण, ते बघ. स्वतः पर्सियस! अँड्रोमेडाशी त्याचं लग्न लागलंय, मेजवानी चाललीय, आणि कुणी पाहुणा विचारतो, "तिघी बहिणींत हिच्याच केसांत साप कसे?" नवरदेव खुशीत येऊन सांगतो. ती फार देखणी होती, मागण्या घालणारे पुष्कळ होते, केस तर असे, की ते पाहिलेला माणूस मला भेटलाय. समुद्राच्या राजाने मिनर्व्हाच्या (अथेनाचंच हे रोमन नाव) देवळात तिच्यावर बळजबरी केली. देवीने तोंड फिरवलं, ढालीआड डोळे झाकले आणि हे बिनशिक्षेचं जाऊ नये म्हणून तिच्या केसांचे साप केले. सगळं मिळून दहा-एक ओळी. मारणाराच मेलेलीची कहाणी सांगतोय, तीही स्वतःच्या लग्नाच्या पंगतीत. ओव्हिड यावर चकार शब्द काढत नाही. मला वाटतं त्याला आपल्याकडून बरोबर ती अस्वस्थताच हवी होती. लगेच पुढे त्याच मंडपात मारामारी होते आणि पर्सियस तेच मुंडकं पिशवीतून काढून दोनशे माणसांचे दगड करतो.

मुक्ताच्या दिग्दर्शकाने म्हणे असं वाचलंय, की अथेनाने साप दिले ते मेड्युसाच्या रक्षणासाठी, पुन्हा कुणी तिला हात लावू नये म्हणून. नाटकात खुशाल वापरा, कल्पना चांगली आहे. पण ती आजची आहे, एकाही प्राचीन ग्रंथात ती नाही. पत्रिकेवर "मूळ ग्रीक कथेनुसार" असं छापू नका म्हणावं.

आता मला खरं सांगायचंय ते. माझा जीव मेड्युसापेक्षा त्या उरलेल्या दोघींत अडकलाय. ग्रीसमधल्या एल्युसिसच्या संग्रहालयात जवळजवळ दीड मीटर उंचीचा एक रांजण आहे, इ.स.पू. ६५० च्या आगेमागेचा. त्यात एका लहान मुलाला पुरलं होतं. पर्सियसच्या गोष्टीच्या सगळ्यात जुन्या चित्रांपैकी एक त्याच्या पोटावर आहे. मेड्युसाचं धड एका बाजूला पडलंय, आणि स्थेनो नि युरिअली, पातेल्यासारखी डोकी, त्यातून निघालेले साप, पर्सियसच्या मागे धावताहेत. मध्ये पर्सियसची पाठराखीण अथेना उभी. तिला ओलांडून त्या जाऊ शकत नाहीत. दुसऱ्या कथेत पर्सियसच्या डोक्यावर पाताळाचा देव हेडीस याची अदृश्य करणारी टोपी असते, त्यामुळे तो त्यांना दिसतच नाही. म्हणजे बहिणीचा खून झाला, खुनी हाताशी आहे, आणि सगळे देव त्याच्या बाजूने.

त्यात या दोघी अमर. मेड्युसा एका घावात सुटली. यांच्या दुःखाला वर्षश्राद्धही नाही रे.

हे एका कवीने नेमकं ऐकलं. पिंडार एरवी खेळांतल्या विजेत्यांवर स्तुतिगीतं रचायचा. इ.स.पू. ४९० मध्ये डेल्फीच्या स्पर्धेत सिसिलीतल्या अक्रागासचा मिडास नावाचा, ऑलोस हे फुंकवाद्य वाजवणारा वादक जिंकला, आणि त्याच्यासाठीच्या गीतात पिंडार सांगतो, की युरिअलीने फोडलेला हंबरडा अथेनाने ऐकला आणि त्या आक्रोशावरून ऑलोसची सुरावट गुंफली. तिला नाव दिलं 'अनेक शिरांची चाल', आणि ती माणसांच्या हवाली केली. ज्या देवीने खून करवला तिनेच त्या रडण्याचं संगीत केलं! पिंडारला यात काही खटकलेलं दिसत नाही. तो आनंदाने गातोय. मी मात्र त्या ओळींपाशी दर वेळी थबकतो. जाता जाता तो मेड्युसाला सुंदर गालांची म्हणतो, म्हणजे तिचं रूप ओव्हिडच्या बरंच आधी पालटायला लागलं होतं.

म्हणून मुक्ताला माझी एक विनंती. मेड्युसा कर, जरूर कर, पण संहितेत त्या दोघींना जागा मिळाली तर बघ. शिर उडाल्यावर पडदा पाडू नका. त्यानंतरची दोन मिनिटं बहिणींना द्या. संवाद नसले तरी चालतील.

आणि संगीत करणाऱ्या पोराला सांग, तिथे बासरी लावू नको. ऑलोसला लोक बासरी म्हणतात, पण ते सनईसारखं, तोंडाशी कंप पावणारी पत्ती असलेलं वाद्य होतं, दोन नळ्या एकदम तोंडात धरून वाजवायचे. आवाज सनईच्या जवळचा, टोचणारा. कुणी चांगला सनईवाला मिळाला तर लग्नातलं काही वाजवू देऊ नका, नुसता एक सूर लांबवर धरायला सांगा. पैसे लागले तर मी देईन, वहिनींना कळवू नकोस.

तुझा,
अविनाश