जबड्याच्या सांध्यासाठी मधला मार्ग

महोदय,

कानाजवळ दुखते म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे, कान ठीक निघाला म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे आणि एखादी चांगली दाढ काढूनही ठणका कायम, अशी फरफट झालेले रुग्ण तालुक्याच्या गावी दवाखाना चालवताना मला नेहमी भेटतात. मूळ दुखणे असते कानापुढच्या, खालचा जबडा कवटीला जोडणाऱ्या सांध्याचे.

मऊ आहार, शेक, व्यायाम आणि दातांवर बसवायची स्प्लिंट एवढ्यावर बहुतेकांना आराम पडतो. प्रश्न उरतो तो सांध्यातली कूर्चेची चकती सरकून जबडा अडकलेल्यांचा. निरोगी माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटे उभी मावतात. यांच्या तोंडात दोनही जात नाहीत आणि भाकरीचा तुकडा चेपून आत सारावा लागतो. अशांना एक तर वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या मिळतात, नाही तर थेट मोठ्या शस्त्रक्रियेची भीती दाखवली जाते.

या दोहोंच्या मधला आर्थ्रोसेंटेसिसचा उपाय डॉ. डॉरिट नित्झान आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्येच मांडला. जागा बधिर करून सांध्याच्या वरच्या कप्प्यात दोन सुया घालतात. एकीतून सलाईन आत सोडतात, दुसरीतून दाह वाढवणारे घटक घेऊन ते बाहेर पडते आणि चिकटलेली चकती सुटायला मदत होते. चिरा नाही, टाका नाही, आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. चकती मूळ जागी परततेच असे नाही, तरीही अनेकांचे दुखणे कमी होऊन तोंड अधिक उघडू लागते. मात्र नंतर जबड्याचे व्यायाम नेटाने करावे लागतात. गुटखा-सुपारीमुळे गालाची आतली त्वचा आवळून तोंड उघडेनासे झाले असेल, तर हा उपाय त्यावरचा नव्हे. आपल्याकडे तो आजारही कमी नसल्याने आधी नेमके निदान व्हायलाच हवे.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. पण रोजंदारी बुडवून तिथवर वारंवार जाणे गरिबाला परवडत नाही. मुख व जबडा शल्यचिकित्सकांनी ठरावीक दिवशी जिल्हा रुग्णालयात येऊन असे रुग्ण तपासावेत आणि गरजूंवर तिथेच हा उपचार करावा, अशी व्यवस्था आरोग्य विभागाने करावी. विमा कंपन्यांनीही सांध्याच्या या उपचाराला ‘दातांचे काम’ समजून दावे नाकारू नयेत.

— एक दंतवैद्य, जि. सातारा