अण्णांच्या पेटीतला गोळा

प्रिय दिगू,

तब्येत बरी, साखर आटोक्यात. तो विषय संपला.

अण्णांच्या पेटीतला लोखंडी गोळा आठवतो? ज्याला तू तोफगोळा म्हणायचास? अरे, तो नक्षी कोरताना काम पकडून ठेवायचा शेगडा निघाला! बूड अर्धगोल, चामड्याच्या कड्यात बसवला की हवा तसा कलतो; वरचा भाग छर्‍यांवर फिरतो. कोरायचं कलम एका जागी रोखायचं आणि वळण काढायला कामच फिरवायचं.

रॉकेलमध्ये मुरवला, पितळी ब्रशने घासला. ग्राइंडर जवळही फिरकू दिला नाही, तुझं नाव घेऊन सांगतो. छाप नाही, नंबर नाही, म्हणून आट्यांकडे वळलो. जबडे सरकवणारा स्क्रू ३/८ इंची, इंचाला १६ आटे. पण एवढ्यावर काय ओळखणार? त्या मापात व्हिटवर्थचेही, म्हणजे इंग्रजी पद्धतीचेही १६ आणि अमेरिकनही १६. फरक आट्याच्या कोनात, इंग्रजी ५५ अंश, अमेरिकन ६०. स्क्रूला ५५चं गेज असं बसलं की मधून उजेडाची रेघसुद्धा दिसेना. म्हणजे इंग्रजी वळणाचा.

आनंद तिथेच संपला. स्क्रू अर्धा उजव्या आट्याचा, अर्धा डाव्या; किल्ली फिरवली की दोन्ही जबडे सारखे सरकावेत आणि काम मधोमध राहावं. पण डाव्या आट्यावरचा जबडा डुगडुगतो. त्याच्या आट्यात मेण दाबून ठसा काढला, भिंगाखाली धरला, तर ६०! मूळ जबडा गेल्यावर कुणीतरी हा नवा केलाय. चढला, फिरला, म्हणून चालवला. तुझं ते ‘बसतंय ना, मग झालं’ आठवलं. पंपाच्या नटावरून आपण महिनाभर बोललो नव्हतो, तो हाच वाद. बसतं रे, पण आट्याची बाजू पुरती टेकत नाही, बारीक पट्टीवर सगळा भार येतो आणि तेवढीच झिजत राहते.

तू म्हणशील, फेक तो आणि नवा कर. थांब. जबडा उलटा केला तर खालच्या अंगाला, जिथे कुणाची नजर जाणार नाही, तिथे पानांची वेल कोरलेली. पहिली दोन पानं कच्ची, कलम घसरलंय. तिसर्‍यापासून हात स्थिर. कानशीचे ओरखडेही तसेच आहेत. अण्णांनी कधी कलम धरलेलं तुला आठवतं का? मला नाही आठवत. आईलाही विचारलं, ती म्हणाली, ‘त्यांना खिळा ठोकता येत नव्हता.’ मग ही वेल कुणाची? आणि अण्णांनी जन्मभर ती पेटी कुलपात का ठेवली? तू त्यांच्याजवळ माझ्यापेक्षा जास्त बसायचास, म्हणून विचारतोय.

तोवर जबडा राहू दे, भोक मोठं करून आत पितळी बुश, म्हणजे आटे पाडलेली नळी, बसवू. आतून डावे आटे, ३/८, १६, कोन ५५. टूल नीट घासून घे.

लेकीचं लग्न ठरल्याचं वहिनींकडून कळलं. फार छान झालं. जावई काय करतात? नवी लेथ लागली का?

बुशची बाहेरची मापं भोक केल्यावर कळवतो, तोवर बार कापू नकोस.

तुझा,
बंड्या