वादळ किनाऱ्यावर संपत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या दैनिकात किनारपट्टीच्या तयारीच्या बातम्या सुरू होतात. रायगड-रत्नागिरीत रंगीत तालीम, बंदरावर बावटे, मच्छीमारांना सूचना, एनडीआरएफच्या तुकड्या रवाना. त्या वाचून आमच्याकडं मराठवाड्यात पारावर कुणीतरी हमखास म्हणतं, "आपल्याला काय त्याचं? आपल्याकडं समुद्र हाय कुठं?" समुद्र नाही, खरं आहे. पण २०२१ च्या सप्टेंबरात मांजरा नदीकाठचं आमचं सोयाबीन नेलं ते बंगालच्या उपसागरानंच.

गुलाब चक्रीवादळ २६ सप्टेंबरच्या संध्याकाळी आंध्रात कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आलं. तिथं त्याचा जोर ओसरला आणि बातम्यांमधलं त्याचं स्थानही. उरलेला कमी दाबाचा पट्टा तेलंगण ओलांडून आमच्या डोक्यावर आला आणि २८ तारखेला धनेगावला मांजरा धरणाचे सगळे दरवाजे उघडावे लागले. त्याच दिवशी नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी उमरखेडजवळ दहागावच्या पुलावरून वाहून गेली. पुढं हेच वादळ अरबी समुद्रात उतरलं आणि 'शाहीन' नावानं ओमानवर जाऊन आदळलं. म्हणजे किनारा ओलांडल्यापासून मांजराचे दरवाजे उघडेपर्यंत साधारण दीड दिवस हातात होता. त्या दीड दिवसात कुठल्या खात्यानं काय करायचं, हा माझ्या पत्राचा विषय आहे.

हवामान खात्याला दोष देता येणार नाही. मराठवाड्यात अतिवृष्टी होणार, हे त्यांनी सांगितलेलं होतं. पण जिल्ह्याच्या कचेरीतून निघून तो इशारा गावात पोचेस्तोवर त्याचं काय होतं ते पाहा. तलाठ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ येते: धरणातून इतके क्युसेक विसर्ग, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे. क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी याचा, हिशेब आमच्यापैकी कुणाला येतो? पाणी स्मशानभूमीच्या ओट्याला लागेल का मारुतीच्या पारापर्यंत चढेल, आणि किती वाजता, एवढं सांगितलं तर माणूस उठून कामाला लागतो. त्या दिवसांत सोयाबीन काढून शेताशेतात बनीम, म्हणजे ढीग, लावलेल्या होत्या, वरून ताडपत्री घातलेली. पाऊस वरून येईल या हिशेबानं सगळी तयारी, आणि पाणी आलं खालून. चार तास आधी नेमकं कळलं असतं तर निम्मा माल ट्रॅक्टरनं माळावर गेला असता, दावणीची जनावरं सुटली असती. रात्रीच्या अंधारात, कमरेएवढ्या पाण्यात दावं कापायला गोठ्यात शिरणं काय असतं, हे ज्यानं केलंय त्यालाच माहीत.

किनाऱ्यावर हे असं सोडलेलं नाही. तिथं इशारा चार टप्प्यांनी येतो. वादळाची आगाऊ सूचना, मग ४८ तास आधी सावधगिरीचा इशारा, २४ तास आधी पक्का इशारा आणि शेवटी, किनाऱ्याला लागण्याच्या १२ तास आधी, जमिनीवर आल्यावर ते कुठं आणि कसं जाईल याचा अंदाज. प्रत्येक टप्प्याला कुणी काय करायचं ते ठरलेलं. १९९९ च्या महावादळात ओडिशात सुमारे १० हजार माणसं गेली. त्यानंतर त्या राज्यानं स्वतंत्र आपत्ती प्राधिकरण काढलं, स्वतःचं बचाव दल उभारलं, गावोगाव निवारे बांधले. २०१३ साली फायलीन आलं तेव्हा जवळपास १० लाख लोकांना आधीच हलवलं आणि मृत्यू काही डझनांवर थांबले. आपल्या कोकणातही 'निसर्ग' आणि 'तौक्ते' वादळांनंतर भूमिगत वीजवाहिन्या, निवारे यांच्यासाठी पैसा आला. मिळालाच पाहिजे, त्याबद्दल पोटदुखी नाही. माझं म्हणणं त्या चौथ्या टप्प्याबद्दल आहे. तो अंदाज आमच्यासाठीच असतो, पण तो हातात घेऊन बसलेला माणूस मराठवाड्यात कुणी नाही.

आता धरणांचं. आधी थोडं थोडं पाणी का सोडत नाहीत, असा प्रश्न पुरानंतर सगळेच विचारतात. मी पाटबंधारेवाल्यांची बाजू समजू शकतो. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा याच मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता. भरलेल्या धरणातून पाणी सोडलं आणि पाऊस हुकला, तर त्या अभियंत्याला जिल्ह्यात तोंड दाखवता यायचं नाही. म्हणून तो शेवटपर्यंत थांबतो, आणि मग सगळे दरवाजे एकदम. हा निर्णय एकट्या अभियंत्याच्या गळ्यात घालणंच चूक आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष आहेत. उपसागरात वादळ तयार झालं की अमुक पातळीच्या वर साठा ठेवायचा नाही, हे पावसाळ्याआधी लिहून त्यांनी सही करावी. पुढं पाऊस हुकला तर जबाबदारी त्या कागदाची.

बचावाचं तर विचारूच नका. एनडीआरएफची तुकडी येते पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याहून, लातूरपर्यंत तीनशेहून जास्त किलोमीटर, तेही रस्ते वाहून जात असताना. राज्याच्या आपत्ती दलाचे तळ धुळे आणि नागपूर. एखाद्या पावसाळ्यात नांदेडला तुकडी आणून ठेवतात, पण आठ जिल्ह्यांना ती कशी पुरणार? २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात आणि सप्टेंबरमध्ये भूम-परंड्यात हेच झालं. सैन्य, हेलिकॉप्टर सगळं आलं, पण आधी पत्र्यावर आणि झाडावर रात्र काढून झाल्यावर. ज्या मराठवाड्यातल्या किल्लारीच्या भूकंपानंतर १९९३ मध्ये महाराष्ट्र आपत्ती व्यवस्थापन शिकला, तिथं अजून तहसीलला एक धड बोट मिळत नाही.

तळ्यावर मासेमारी करणारी भोई समाजाची पोरं दरवेळी सगळ्यात आधी पाण्यात उतरतात. कुणी थर्माकोलचा तराफा करतं, कुणी ट्यूब बांधून जातं. गावातल्या स्वयंसेवकांना बचावाचं शिक्षण देणाऱ्या 'आपदा मित्र' योजनेत पहिली नावं त्यांची घाला. त्यांना लाइफ जॅकेट, दोर, इंजिनाची बोट आणि विमा द्या. मांजरा, तेरणा, सिंदफणा, सीना या नद्यांच्या काठच्या प्रत्येक गावात विजेच्या खांबांवर पूररेषेच्या खुणा रंगवा, म्हणजे विसर्गाचा निरोप 'तिसऱ्या खुणेपर्यंत पाणी, रात्री दोन वाजता' असा देता येईल. रंगाचा डबा आणि एक दिवसाची मजुरी, एवढाच खर्च. यंदाच्या मान्सूनपूर्व बैठकीत एवढं तरी मंजूर करावं, ही जिल्हा प्रशासनाला विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. निलंगा, जि. लातूर